अंतराळातल्या चाच्याला बंदर कोण देतं?

देवगडात जून उजाडला की बोटी किनाऱ्याला लागतात आणि माझ्या मावसभावाला दोन महिने मोकळे मिळतात. तो ट्रॉलरवर तांडेल आहे. गेली तीन वर्षं पावसाळ्यात आम्ही पाचजण आमच्या पडवीत बसून रोलप्ले खेळतो: तो, माझा भाचा, भाच्याच्या कॉलेजातली दोन मुलं आणि मी. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एकजण जग रचतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात आणि 'मी आता असं करतो' म्हणतात. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. जग रचणाऱ्याला जीएम म्हणतात. आमच्यात ते काम माझं.

गेल्या पावसात मी दोनशे वर्षांनंतरची गोष्ट घेतली. मंगळावर वस्त्या, लघुग्रहांवर खाणी, मधल्या वाटेवर मालवाहू जहाजं आणि त्यांना लुटणारी चाच्यांची एक टोळी. टोळीचं जहाज काळं, वेगवान, तोफांनी भरलेलं. पहिल्याच बैठकीत मावसभावाने फासे खाली ठेवले आणि विचारलं, "गो ताई, ह्येंका डिझेल कोण देता? आणि लुटलेला इकतत खंय?"

खेळ त्या रात्री तिथेच थांबला. पुढचे पंधरा दिवस मी त्या दोन प्रश्नांच्या मागे होते. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे भौतिकशास्त्राची बाजू मला सोपी गेली. खरं उत्तर मात्र घरापासून जवळच, आंग्र्यांच्या आरमाराचा तळ असलेल्या विजयदुर्गात मिळालं. चाचा तोफेवर जगत नाही. त्याला किनारा जगवतो. डिझेल देणारा, माल विकत घेणारा, फुटलेली फळी बदलून देणारा, आणि विचारायला आलेल्यांना 'इथे कोणी आलं नव्हतं' असं सांगणारा. अंतराळात तर हे समुद्रापेक्षा जास्त खरं ठरतं. ते का, ते आता सांगते.

त्याआधी एक खुलासा करायलाच हवा. कान्होजी आंग्रे यांना इंग्रजांनी आपल्या कागदांत चाचा म्हटलं. ते चाचे नव्हते. ते सरखेल होते, मराठी आरमाराचे प्रमुख. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या बाजूला आले, तेव्हा सरखेलपद आणि किल्ले त्यांच्याकडेच राहिले. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी गलबतांनी आंग्र्यांचं दस्तक घ्यावं, ठरलेली रक्कम भरावी, असा त्यांचा कारभार होता. दस्तक असेल तर गलबत सुखरूप, नसेल तर जप्त. पोर्तुगीज हेच त्याआधी दोनशे वर्षं 'कार्ताझ' नावाच्या परवान्याने करत होते आणि त्यांना कोणी चाचे म्हणत नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीने कान्होजींचं दस्तक मानलं नाही, म्हणून त्यांना ती शिवी मिळाली. माझ्या खेळात मी आंग्र्यांचा दाखला घेते तो समुद्रावर सत्ता कशी टिकते हे समजून घेण्यासाठी. चाच्यांच्या रांगेत त्यांना बसवायचं नाही.

लपायला जागा नाही

समुद्रावर क्षितिज असतं. पृथ्वी गोल आहे, म्हणून बोट काही मैलांवर गेली की तिचा सांगाडा दिसेनासा होतो, मग डोलकाठीही. धुकं असतं, पाऊस असतो, बेटाची आड असते. अंतराळात यातलं काही नाही, आणि वर उष्णतेची अडचण.

रात्री देवगडच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की कधीकधी दूर समुद्रात पांढऱ्या दिव्यांची रांग दिसते. बंदी असूनही एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या बोटी. बोट दिसत नाही, पण उजेड लपत नाही. अंतराळात प्रत्येक जहाज तसा दिवा आहे. रिकाम्या अवकाशाचं तापमान उणे २७० अंशांच्या आसपास. जहाजात माणसं जगायची तर आत वीसेक अंश तरी हवेत. माणूस नुसता बसला तरी सुमारे १०० वॅट उष्णता सोडतो, यंत्रं त्याहून कितीतरी जास्त. ही उष्णता वाऱ्यावर जात नाही, कारण वाराच नाही. ती फक्त अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर फेकता येते, म्हणून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला मोठमोठे उष्णता-पंखे, म्हणजे पंखांसारखे पसरलेले रेडिएटरचे पत्रे, बसवलेले आहेत, ज्यांतून अमोनिया फिरतो. म्हणजे जिवंत जहाज हे काळ्या, थंडगार पार्श्वभूमीवर कायम तेवणारं निखाऱ्यासारखं असतं. इंजिन पेटवलं तर मशालच. चांगली अवरक्त दुर्बीण असलेल्याला ते फार लांबून दिसणार.

'लघुग्रहांच्या पट्ट्यात लपू' असं भाचा म्हणाला. चित्रांत तिथे दगडांची गर्दी दाखवतात. प्रत्यक्षात दोन बऱ्यापैकी मोठ्या लघुग्रहांमधलं सरासरी अंतर लाखो किलोमीटरचं असतं. तिथे जहाज लपवणं म्हणजे भर समुद्रात एका बोयाच्या आड ट्रॉलर लपवण्यासारखं.

मग चाचे कसे लपतील? जहाज लपवता येत नाही, पण ते कोणाचं आहे हे लपवता येतं. आपल्या बंदरात पन्नास बोटी सारख्याच दिसतात. कोणती काय करून आली, ते नंबर आणि कागद सांगतात. अंतराळातला चाचा असाच राहील: नोंदणी केलेलं साधं मालवाहू जहाज, खरा परवाना, खोटी मालाची यादी. माझं काळं जहाज मी पहिल्याच आठवड्यात रद्द केलं आणि त्याजागी एक जुनाट, बर्फ वाहणारं जहाज दिलं. पोरं हिरमुसली. मावसभाऊ खूश झाला.

इंधनाचं गणित

डिझेलचा प्रश्न इथे येतो, आणि मला वाटतं बहुतेक लोक चुकतात ते इथेच.

समुद्रात इंजिन बंद केलं की पाणी बोटीला थांबवतं. अंतराळात थांबवणारं काही नाही. एकदा वेग घेतला की तो तसाच राहतो, आणि तो कमी करायलाही तेवढंच जाळावं लागतं. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत वस्तू सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर धावतात. दुसऱ्या जहाजावर चढायचं तर नुसतं त्याच्याजवळ पोचून भागत नाही, त्याच दिशेने त्याच वेगाने धावावं लागतं. नाहीतर तुम्ही त्याच्या शेजारून बंदुकीच्या गोळीच्या अनेक पट वेगाने निघून जाल. धावत्या एसटीत चढणाऱ्याला एसटीइतकं पळावं लागतं, तसं.

आता इंधन किती लागतं ते पाहू. हायड्रोजन आणि ऑक्सिजनवर चालणाऱ्या चांगल्या इंजिनातून वायू सेकंदाला साधारण ४.४ किलोमीटरच्या वेगाने बाहेर पडतो. जहाजाच्या वेगात तेवढाच, म्हणजे ४.४ चा बदल करायचा तर इंधन भरलेलं जहाज रिकाम्यापेक्षा २.७ पट जड असावं लागतं. दुप्पट बदल हवा तर ७.४ पट. तिप्पट हवा तर सुमारे २० पट. इंधन वाहायला आणखी इंधन लागतं, म्हणून हे असं फुगत जातं. हे सूत्र रशियन शास्त्रज्ञ त्सिओलकोव्हस्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलं आणि ते कोणत्याही चाच्याला, नौदलाला, जीएमला सवलत देत नाही.

मावसभावाला हे मला समजवावंच लागलं नाही. ट्रॉलर समुद्रात आठ-दहा दिवस राहतो तो डिझेल आणि बर्फ पुरतो म्हणून. दूरच्या पाण्यात मासळी जास्त मिळते हे सगळ्यांना माहीत असतं, पण जाण्यायेण्याचं डिझेल वजा केल्यावर हातात काय उरतं, ते तांडेल आधी मोजतो. चाच्याला तेच मोजायचं आहे. शिवाय लूट जड असते. लुटलेला माल चढवला की जहाजाचं वजन वाढतं आणि त्याच उरलेल्या इंधनात घर गाठता येत नाही. लोखंडाने भरलेलं जहाज लुटून चाचा स्वतःच वाटेत अडकेल.

याचा परिणाम असा की 'भर अंतराळात पाठलाग' हा प्रकार जवळपास बाद होतो. पृथ्वीहून मंगळाकडे निघालेल्या जहाजाला गाठायचं तर त्याच वेळी, त्याच ठिकाणाहून, तेवढंच इंधन जाळून निघावं लागेल. म्हणजे चाचा त्याच बंदरातून सुटलेला हवा. किंवा आधीपासून जहाजातच असलेला.

खाडीचं तोंड

आंग्र्यांच्या आरमाराकडे परत येते. त्यांची गलबतं आणि गुराबा (गलबतांहून मोठी, तोफा वाहणारी शिडाची जहाजं) इंग्रजांच्या जहाजांपेक्षा लहान होत्या, तोफाही कमी. पण त्यांचा तळ कमी पाण्यात, खाडीत होता. विजयदुर्गाच्या मागे वाघोटण खाडी आहे, गिर्ये गावाजवळ मराठ्यांनी खडकात कोरलेली गोदी आजही पाहता येते. खोल बुडणारं परकं जहाज तिथे आत शिरू शकत नसे. वारा पडला की शिडांवरचं मोठं जहाज जागेवर खिळायचं, आणि तेव्हा वल्ह्यांची गलबतं गुराबांना दोराने ओढत तोफेच्या टप्प्यात आणायची. गुराबा शक्यतो मागच्या बाजूने डोलकाठ्यांवर मारा करायच्या. जहाज पांगळं झालं की गलबतांमधून माणसं चारी बाजूंनी चढायची. जहाज बुडवणं हा हेतूच नसायचा. बुडालेल्या जहाजातून काही मिळत नाही.

अंतराळात हे जवळजवळ जसंच्या तसं चालतं. जहाज जिथे हळू असतं, अडलेलं असतं, तिथे त्याला गाठायचं: ग्रहाच्या कक्षेत शिरताना, इंधन भरताना, गोदीत रांगेत असताना. तुमच्या काल्पनिक जगात प्रकाशापेक्षा जलद प्रवास असेल आणि तो ठरावीक दारांतूनच होत असेल, तर ते दार म्हणजे बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी. तांबड्या समुद्राचं ते तोंड अरुंद जागी सुमारे ३० किलोमीटर रुंद आहे, म्हणूनच त्या भागात जहाजांवर हल्ले होत आले आहेत. आणि डोलकाठीच्या जागी आहेत ते उष्णता बाहेर टाकणारे पंखे. ते मोठे, नाजूक, उघडे. त्यांना भोकं पाडली की जहाजाला अणुभट्टी बंद करावी लागते, नाहीतर आतले भाजून निघतील. 'पंखे फोडू का?' एवढ्या एका वाक्यावर आमच्या खेळात तीन जहाजं शरण आली.

मोसमही विसरू नका. आपल्याकडे पावसाळ्यात गलबतं ओढून वर घ्यायची आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा सोडायची, तसा मंगळाच्या वाटेचाही मोसम आहे. कमी इंधनात जाता येईल अशी वेळ साधारण २६ महिन्यांनी येते. आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला पोचलं, ते याच मोसमाच्या हिशोबाने. म्हणजे माल कधी निघणार हे सगळ्या जगाला ठाऊक असतं, चाच्यांना आणि पहारेकऱ्यांनाही. मधले महिने चाचे काय करतात? जाळी विणतात, बोट रंगवतात, उसनवारी करतात. माझ्या मते खेळातले सर्वांत चांगले प्रसंग याच भाकड काळात सापडतात.

एक युक्ती मात्र फक्त अंतराळातच जमते. पुष्कळसा माल माणसांशिवाय, नुसत्या पेट्यांत, महिनोन्महिने तरंगत पाठवला जाईल, कारण ते स्वस्त पडतं. निघतानाच अशा पेटीला सेकंदाला १० मीटरचा हलका धक्का दिला, म्हणजे सायकलच्या दुप्पट वेगाचा, तर १०० दिवसांत ती ठरलेल्या जागेपासून ढोबळ हिशोबाने ८६,००० किलोमीटर बाजूला जाईल. मालक 'पेटी हरवली' म्हणेल आणि विमा मागेल. ती कुठे गेली ते धक्का देणाऱ्याला माहीत. यासाठी तोफ लागत नाही, गोदीतला एक फितूर हमाल लागतो.

कैद्यांचा श्वास

लुटीपेक्षा खंडणी सोयीची, हे सोमालियाच्या चाच्यांनी दाखवून दिलं. माल विकायची कटकट नाही. जहाज आणि माणसं धरून ठेवायची आणि पैसे मागायचे. पण अंतराळात कैदी फार महाग पडतात.

'रुएन' हे मालवाहू जहाज डिसेंबर २०२३ मध्ये पळवलं गेलं. चाच्यांनी त्याचा उपयोग पुढच्या हल्ल्यांसाठी तरंगता तळ म्हणून करायला घेतला. भारतीय नौदलाच्या आयएनएस कोलकाताने ते अडवलं, मार्कोस कमांडो विमानातून समुद्रात उतरले, आणि १६ मार्च २०२४ ला १७ खलाशी सुखरूप सुटले. ३५ चाचे शरण आले, त्यांना मुंबईला आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. ते सतरा जण तीन महिने ओलीस होते. समुद्रावर त्यांना निदान हवा फुकट होती. अंतराळात माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो. सतरा माणसं, नव्वदहून अधिक दिवस, म्हणजे १,३०० किलोच्या घरात. पाणी आणि जेवण वेगळंच. अवकाश स्थानकावर पाण्याचा ९८ टक्के पुनर्वापर होतो असं नासाने २०२३ मध्ये जाहीर केलं, पण तसली यंत्रं सांभाळायला सुटे भाग लागतात, आणि सुटे भाग बंदरात मिळतात.

खंडणीच्या बोलण्यातही अंतर आड येतं. पृथ्वी आणि मंगळ यांच्यात संदेश पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात. 'पैसे द्या नाहीतर' म्हटल्यावर, ग्रह लांब असतील तर, उत्तराची वाट पाहत पाऊण तास बसायचं. हा पाऊण तास मी खेळात खराच जाऊ देते. पोरं चहा पितात, आपसात भांडतात, एखाद्याला कैद्याची दया येते.

म्हणून शहाणी टोळी काय चोरेल? हलकं आणि मोलाचं: औषधं, बियाणं, चिप, यंत्रांचे सुटे भाग. आणि शक्यतो काहीच चोरणार नाही. ती दस्तक देईल.

बंदर

आता मावसभावाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. लुटलेलं विकायचं कुठे?

मासळी धक्क्यावर आली की लिलाव होतो. दलाल असतो, बर्फवाला असतो, टेम्पोवाला असतो, आधी उचल दिलेला सावकार असतो. चोरीचा माल विकायलाही हीच सगळी साखळी लागते, फक्त प्रत्येकाने डोळ्यांवर कातडं ओढायला हवं. ते कोण ओढेल? ज्याचा त्यात फायदा आहे तो. समजा लघुग्रहावरच्या एका खाणवस्तीला मोठी कंपनी हवा आणि औषध चढ्या भावाने विकते. तिथे निम्म्या भावात तेच औषध आणणारी टोळी म्हणजे देवमाणसं. वस्तीतली शाळा त्यांच्या पैशावर चालते, गोदीतला वेल्डर त्यांचाच जावई. तपासणी पथक आलं तर कोणाला काही दिसलेलं नसतं. अशी वस्ती आधी रचा, मग चाच्यांचं जहाज. मी उलट केलं होतं, म्हणून गोष्ट पहिल्या रात्रीच अडली.

पण वस्तीची माया एका पिढीपुरती पुरते. टिकून राहायचं तर भांडणाऱ्या मोठ्या सत्तांच्या मधली फट लागते. आंग्र्यांच्या काळी या एका किनाऱ्यावर मुंबईत इंग्रज, गोव्यात आणि वसई-चौलला पोर्तुगीज, जंजिऱ्याला सिद्दी, घाटावर मराठी राज्य आणि मोगल. प्रत्येकाला दुसऱ्याची कोंडी व्हावी असं वाटे. कान्होजींच्या पाठीशी घाटावरचं राज्य होतं, म्हणून १७१७-१८ च्या सुमारास इंग्रजांचा विजयदुर्गावरचा आणि खांदेरीवरचा हल्ला फसला, १७२० मध्ये तरंगता तोफखाना घेऊन ते पुन्हा विजयदुर्गावर आले तेही फसलं, आणि १७२१ मध्ये अलिबागच्या कुलाब्यावर इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले तरी हात हलवत परतले. किल्ले दगडाचे होते हे खरं, पण त्यामागे डोंगरातून येणारं धान्य, सागवान आणि माणूसबळ होतं.

दस्तकाचा अर्थ इथे कळतो. लूट एकदाच होते आणि व्यापारी पुन्हा त्या वाटेने येत नाही. दस्तक घेणारा व्यापारी दरवर्षी येतो. हळूहळू त्याला दस्तक देणाऱ्याकडून पहाराही मिळतो, बंदरात जागा मिळते, तंट्यात निवाडा मिळतो. त्या टप्प्यावर टोळीचं राज्य व्हायला लागतं. तुमच्या खेळात खेळाडूंना हा पर्याय द्या. लुटायचं की परवाना विकायचा, यावर आमच्याकडे दोन रात्री वाद चालला.

आणि चाच्यांना संपवायचं असेल तर मोठं आरमार आणू नका. त्यांचा घाट, म्हणजे पाठीमागचा आधार, तोडा. नानासाहेब पेशवे आणि कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचं बिनसलं. १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज एक झाले, सुवर्णदुर्ग गेला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले, जमिनीच्या बाजूला पेशव्यांची फौज होती. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेलं 'रिस्टोरेशन' नावाचं जहाज बंदरात उभं होतं. त्यावर तोफगोळा पडून आग लागली, ती शेजारच्या जहाजांना लागली आणि अख्खं आरमार नांगरावर जळालं. त्या बुरुजावर उभी राहिले की मला अजून गलबलून येतं. पस्तीस वर्षांपूर्वी ज्या भिंतींवर इंग्रजांनी डोकं आपटलं होतं, त्या भिंती तशाच होत्या. फक्त मागचा घाट आता आपला राहिला नव्हता.

आमच्या खेळात नारळी पौर्णिमा जवळ आली तेव्हा कंपनीने खाणवस्तीला निरोप पाठवला: टोळी आमच्या हवाली करा, दहा वर्षं हवा अर्ध्या भावात देऊ. वस्तीच्या सभेत कोण कोणाच्या बाजूने बोलणार ते फासे ठरवणार होते. मावसभावाचं पात्र टोळीचं तांडेल होतं. त्याने फासे घेतले नाहीत. त्याने आधी वेल्डरला विचारलं, "तुझ्या पोराची शाळा सुरू रवात ना रे?" आणि मग स्वतःहून सभेत जाऊन बसला. नारळी पौर्णिमेनंतर दोनच दिवसांनी त्याची बोट सुटली, त्यामुळे सभेचा निकाल अजून लागायचा आहे.